जुन्या संगणकाचें दप्तर

आमच्याकडील बहुतेक जुन्या घरांच्या माळ्यावर एखादी वस्तु अशी असते कीं, ती कां ठेवली आहे हें कोणासच नीट सांगतां येत नाहीं आणि ती टाकून देण्याचा धीरही कोणास होत नाहीं. पूर्वीं ही वस्तु म्हणजे बहुधा मोडी कागदांचा रुमाल असे. आज ती म्हणजे बंद पडलेला संगणक. त्याचा पडदा कधींच भंगारांत गेलेला असतो, कळफलक मुलांनीं खेळावयास नेलेला असतो. पण तो पत्र्याचा डबा मात्र “त्यांत कांहींतरी आहे” एवढ्या एका समजुतीवर जागा अडवून बसलेला असतो. आणि ही समजूत खोटी नसते. त्या डब्याच्या पोटांत जी हार्ड डिस्क असते, तींत कोणाच्या मुंजीचीं छायाचित्रें असतात, परदेशीं गेलेल्या मुलाचीं पहिल्या वर्षाचीं पत्रें असतात, एखाद्या आजोबांनीं निवृत्तीनंतर खपून टंकित केलेला कुलवृत्तान्ताचा मसुदा असतो. घरांत नवा संगणक आला म्हणजे कोणीतरी सहज विचारतें, “ती जुनी डिस्क याला जोडतां येईल काय?” या साध्या प्रश्नाचा विचार या महिन्यांत करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

उत्तर आरंभींच सांगून टाकूं. जोडतां येते, आणि बहुतेक वेळां फारशा खर्चावांचून येते. परंतु ती कशी जोडावी यापेक्षां, जोडल्यावर काय करूं नये आणि जोडण्यास किती उशीर लावूं नये, हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. आणि त्यांकडे घरांतील हुशार तरुण मंडळींचें लक्ष सहसा जात नाहीं, म्हणून हा प्रपंच.

उशिराची गोष्ट आधीं घेऊं. इ. स. १९५६ मध्यें आय. बी. एम. कंपनीनें या जातीचें पहिलें यंत्र बाजारांत आणलें, तेव्हां त्यांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या व त्या सर्वांवर मिळून पन्नास लक्ष अक्षरें मावत. आज तबकडी तळहाताएवढी झाली, तिच्यावर मावणारा मजकूर लक्षावधि पटींनीं वाढला, पण तत्त्व तेंच राहिलें आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते, आणि तिच्यापासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी अंतरावर मजकूर वाचणारें हेड तरंगत असतें. अर्थात् ही फिरणारी, झिजणारी यंत्ररचना आहे. तिच्यांतील वंगण वर्षानुवर्षें पडून घट्ट होतें, विजेचे भाग उतरतात, दमट हवेनें सांधे गंजतात. म्हणून “सध्यां राहूं द्या, सवडीनें पाहूं” हें धोरण कागदाच्या बाबतींत एक वेळ चाललें तरी येथें चालत नाहीं. कागदास वाळवीनें कोपऱ्याकोपऱ्यानें खाल्लें तरी उरलेला मजकूर वाचतां येतो. डिस्क मात्र एखाद्या दिवशीं सबंधच मुकी होते.

आतां जोडणीकडे वळूं. हिच्या मार्गांत तीन अडचणी आहेत: पहिली खांचेची, दुसरी मांडणीची व तिसरी लिपीची. यांपैकीं पहिली सर्वांना दिसते, दुसरी थोड्यांना, आणि तिसरीचा अनुभव मराठी घरांस फार येतो.

खांचेची अडचण अशी. इ. स. १९८६ च्या सुमारास निघालेली व पुढें दीर्घकाल घरगुती संगणकांत चाललेली जी पद्धति, तिला आय. डी. ई. म्हणतात. तिची खूण म्हणजे डिस्कच्या मागील बाजूस दोन ओळींत मांडलेल्या चाळीस सुयांची लांब खांच, आणि शेजारीं चार जाड सुयांची विजेची खांच. इ. स. २००३ च्या सुमारास साटा नांवाची पद्धति आली. तिच्यांत सुया नसून चपट्या, एका टोकास वळण असलेल्या दोन खांचा असतात, एक मजकुराची व एक विजेची. नव्या संगणकाच्या मदरबोर्डावर आय. डी. ई. ला आतां जागा नसते, आणि पुष्कळ नव्या लॅपटॉपांत तर साटासही नसते. तेव्हां डबा उघडून आंत बसविण्याच्या भानगडींत न पडतां, या दोन्ही पद्धतींच्या डिस्क यू. एस. बी. च्या खांचेंत आणून देणारा ॲडॅप्टर घ्यावा, हें उत्तम. संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत तो मिळतो.

तो घेतांना एक गोष्ट पहावी. टेबलावरील संगणकांतून काढलेली साडेतीन इंची डिस्क १२ व ५ व्होल्ट अशा दोन दाबांची वीज मागते; साध्या यू. एस. बी. च्या तारेंतून ती मिळत नाहीं. म्हणून ॲडॅप्टरबरोबर विजेचा स्वतंत्र पुरवठा असलाच पाहिजे. लॅपटॉपांतील अडीच इंची डिस्क ५ व्होल्टांवर चालते व ती बहुधा यू. एस. बी. च्या विजेवरच फिरूं लागते. मात्र ती आय. डी. ई. जातीची असेल तर तिच्या सुया बारीक व चव्वेचाळीस असतात, तेव्हां तशी खांच ॲडॅप्टरास आहे कीं नाहीं हें दुकानांतच विचारावें. जुन्या आय. डी. ई. डिस्कवर जंपर नांवाचें एक लहानसें टोपण असतें. एकाच केबलीवर दोन डिस्क असत, तेव्हां पहिली कोणती व दुसरी कोणती हें त्यावरून ठरे. आतां ती एकटीच असल्यामुळें तें बहुधा ‘मास्टर’ या जागीं ठेवावें लागतें. जागेचें चित्र पुष्कळदां डिस्कच्या वरील चिठ्ठीवरच छापलेलें असतें.

डिस्क लाकडी टेबलावर सपाट ठेवावी. खालीं लोकरी शाल किंवा गालिचा नसावा. हात लावण्यापूर्वीं एखाद्या उघड्या पत्र्यास स्पर्श करून अंगांतील स्थिर वीज जाऊं द्यावी. खांच सहज बसली नाहीं तर रेटूं नये, ती उलटी धरली आहे काय हें पहावें. सुई एकदां वांकली म्हणजे सरळ करतांना मोडण्याचा संभव फार. आणि एकदां ती फिरूं लागली म्हणजे तिला उचलूं नये, कलती करूं नये, “पाहूं, पाहूं” म्हणणाऱ्या बाळगोपाळांच्या हातीं तर मुळींच देऊं नये.

या वेळीं डोळ्यांपेक्षां कानांचा उपयोग अधिक. एकसारखी घुमणारी, मंद घरघर येऊं लागली तर शुभचिन्ह समजावें. परंतु ठराविक अंतरानें टक्, टक् असा आवाज येऊं लागला, किंवा खरडल्यासारखा कर्कश आवाज आला, तर त्याच क्षणीं वीज बंद करावी. “पुन्हां एकदां लावून पाहूं” हा मोह येथें घातक ठरतो. कारण हेड बिघडलेलें असेल तर प्रत्येक फेऱ्याबरोबर तें लेप खरवडीत असतें. डिस्कचें झांकण घरीं उघडूं नये. धुळीचा एक कण आंत गेला तरी तो हेडाच्या वाटेंतला धोंडाच होय. ती शीतकपाटांत ठेवून पहाण्याची युक्ति कोणी सांगतील, तीही ऐकूं नये. गारठ्यांतून बाहेर काढतांच आंत दंव धरतें. अशी डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडेच द्यावी. त्याचा खर्च मोठा असतो, म्हणून आंत काय आहे व तें घरास किती मोलाचें आहे, याचा विचार वडील मंडळींनीं एकत्र बसून करावा.

समजा, डिस्क नीट फिरली. आतां दुसरी अडचण उभी राहते. पडद्यावर अशी सूचना येण्याचा संभव असतो कीं, ही डिस्क वापरण्यापूर्वीं फॉरमॅट केली पाहिजे, तर करावयाची काय? घरांतील कोणत्याही माणसानें, कोणत्याही घाईंत, या प्रश्नास ‘होय’ म्हणूं नये. डिस्क रिकामी आहे असा या सूचनेचा अर्थ नसून, “मला ही मांडणी वाचतां येत नाहीं” एवढाच तिचा अर्थ असतो. प्रत्येक कार्यप्रणाली आपले कागद लावण्याची रीत निराळी ठेविते: विंडोजची जुनी रीत एक, नवी दुसरी, ॲपलच्या यंत्रांची तिसरी, लिनक्सची चौथी. मोडी न येणाऱ्या कारकुनानें रुमाल उघडून “यांत कांहीं दिसत नाहीं, कोरे कागद भरून ठेवूं काय?” असें विचारावें, तशांतला हा प्रश्न आहे. ज्या कारकुनास ती रीत येते त्याच्याकडे रुमाल न्यावा, हें त्याचें उत्तर. ॲपलची डिस्क ॲपलच्या यंत्रास लावून पहावी. लिनक्स तर या बहुतेक सर्व रीती वाचूं शकतें. कोणाकडून अनवधानानें ‘होय’ म्हटलें गेलें असेल तरी धीर सोडूं नये. झटपट फॉरमॅटांत बहुधा अनुक्रमणिकाच नवी होते, पानें मागें राहतात; त्यांवर नवें कांहींएक लिहूं न देतां डिस्क तशीच जाणत्याकडे दिली तर बराच मजकूर परत मिळूं शकतो.

मांडणी वाचतां आली तरी कधीं कधीं “परवानगी नाहीं” असें उत्तर मिळतें. जुन्या संगणकावर ज्याच्या नांवें खातें होतें, त्याच्याच नांवें त्या फायली असतात, म्हणून नवें यंत्र दार अडवून धरतें. संगणकाचा मुख्य अधिकार ज्याच्याकडे असेल, त्याला हें कुलूप रीतसर काढतां येतें. परंतु मजकूरच सांकेतिक करून ठेवलेला असेल, तर गोष्ट वेगळी. विंडोजची बिटलॉकर नांवाची सोय वापरली असेल, तर अठ्ठेचाळीस अंकांची एक किल्ली लागते, आणि मूळचा परवलीचा शब्द किंवा ती किल्ली जवळ असल्यावांचून उपाय चालत नाहीं. अशा किल्ल्या कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवण्याची शिस्त ज्या घरांत असेल, तें घर दूरदर्शी म्हणावें.

फायली दिसूं लागल्या म्हणजे सर्वांची धांव छायाचित्रांकडे असते. त्या वेळीं जरा आवरावें. आधीं उतरवावें, मग पहावें, असा नियम धरावा. जुन्या डिस्कवर कांहीं उघडूं नये, बदलूं नये, ‘साफसफाई’ तर करूंच नये. सगळी डिस्क जशीच्या तशी नव्या जागीं उतरवून घ्यावी व पुढील सर्व उद्योग त्या प्रतीवर करावा. डिस्क थोडी अडखळत असेल तर फायली एकेक ओढीत बसण्यापेक्षां जी. एन. यू. मंडळींचा डीडीरेस्क्यू नांवाचा कार्यक्रम वापरावा. तो जाणत्या माणसाप्रमाणें सुगम भाग आधीं उतरवून घेतो, दुखऱ्या जागा मागाहून हाताळतो, आणि कोठवर आलों याची टीप ठेवितो. विंडोज एक्सपीच्या काळांतील डिस्क असेल तर घरच्यांचे कागद बहुधा ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ या फोल्डरांत सांपडतात. व्हिस्टापासून पुढें तेच ‘यूझर्स’ या नांवाखालीं आहेत. त्या काळचीं आउटलुक एक्स्प्रेसमधील पत्रें मात्र एका लपविलेल्या कोपऱ्यांत असतात, आणि केवळ ‘माय डॉक्युमेंट्स’ उचलणाऱ्याच्या हातून नेमकीं तींच मागें राहतात. सबंध डिस्क उतरवून घ्या, असा आमचा आग्रह आहे, त्याचें हें एक कारण. उतरवून झाल्यावर, कांहीं उघडण्यापूर्वीं, त्या प्रतीची विषाणु-तपासणी करावी हें सांगावयास नकोच.

दुसरें कारण तिसऱ्या अडचणींत आहे. आजोबांचा तो मसुदा नव्या संगणकावर उघडावा, तों पडद्यावर मराठीचें एक अक्षर नाहीं. रोमन अक्षरें, कंस, टिंबें व चिन्हें यांची नुसती खिचडी! पुष्कळ घरांत या टप्प्यावर “फाइल खराब झाली” असें समजून ती पुसून टाकण्यांत येते, आणि हा अनर्थ टाळण्यासाठींच हा लेख लिहिला असें म्हटलें तरी चालेल. फाइल खराब झालेली नसते. युनिकोडनें इ. स. १९९१ मध्यें देवनागरीस स्वतःचे क्रमांक दिले; विंडोजमध्यें ती सोय इ. स. २००० च्या आवृत्तीपासून आली, आणि तिच्याबरोबर आलेला ‘मंगल’ हा टंक सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा आहे. परंतु ही रीत घरोघर रुळावयास पुढें कित्येक वर्षें लागलीं. तोंवर मराठी लिहिणारे लोक पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीची श्रीलिपि, पुण्याच्याच सी-डॅक संस्थेचें आय. एस. एम. किंवा असेंच दुसरें एखादें साधन वापरीत. त्यांतील बहुतेक टंकांत मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या घरांत बसविलेले असत. संगणक आपला रोमनच साठवी. टंक त्यावर मराठीचा मुखवटा चढवी. मुखवटा हरवला कीं खालचें रोमन उघडें पडतें.

आतां हा मुखवटा कोठें मिळावा? बहुधा त्याच जुन्या डिस्कवर, विंडोजच्या ‘फाँट्स’ या फोल्डरांत! ज्यानें केवळ कागद उचलले व बाकीची डिस्क भंगारांत दिली, त्यानें पेटी आणली आणि किल्ली टाकून दिली. तो टंक नव्या संगणकावर बसवितांच मजकूर बहुधा वाचतां येऊं लागतो. मग तो युनिकोडमध्यें पालटणाऱ्या कार्यक्रमांतून काढावा. पालटतांना ऱ्हस्व इकार, रफार आणि जोडाक्षरें या तीन ठिकाणीं घोटाळे फार होतात. म्हणून पालटलेली प्रत मूळाशीं ताडून पहाण्याचें काम शुद्धलेखन जाणणाऱ्या वडील माणसाकडे द्यावें. ज्या आजींना संगणकाचें कांहीं कळत नाहीं असें घरांत धरून चालतात, त्यांच्यावांचून हें काम पुरें होत नाहीं, असा अनुभव येईल. पेजमेकरमध्यें जुळविलेलीं पानें असतील तर त्वरा अधिक हवी. त्याची सातवी आवृत्ति इ. स. २००१ मध्यें निघाली, त्यानंतर नवी निघाली नाहीं.

वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून व अडगळींतून कागद मिळविले आणि इ. स. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या नांवानें बावीस खंड काढले. त्यांना निदान एक सोय होती: ज्या घरांत मोडी वाचणारा कोणी उरला नव्हता, तेथेंही रुमाल डोळ्यांस दिसत होता. आमच्या डिस्कवरील कागद दिसतही नाहींत. घरचीच माणसें त्यांचे संशोधक झालीं नाहींत, तर बाहेरून कोणी राजवाडे येऊन ते शोधण्याची आशा व्यर्थ आहे.

येथवर यंत्राची बाजू झाली. परंतु एकत्र कुटुंबांत आणखी एक प्रश्न उपस्थित होतो, आणि तो नाजूक आहे. डिस्क घरची असली तरी तींतील प्रत्येक कागद घराचा नसतो. दिवंगत काकांचा खाजगी पत्रव्यवहार, एखाद्या आत्याबाईंनीं स्वतःपुरती लिहिलेली रोजनिशी, एखाद्या सुनेनें लग्नाच्या आधीं मैत्रिणीस लिहिलेलीं पत्रें, हीं सर्व नव्या संगणकाच्या मोठ्या पडद्यावर, दिवाणखान्यांत, सर्वांच्या देखत उघडावीं काय? आमच्या मतें, नाहीं. ज्यांचे ते कागद, त्या व्यक्ति हयात असतील तर त्यांच्या फोल्डरास त्यांनींच प्रथम हात लावावा, आणि काय ठेवावें व काय पुसावें हें त्यांनींच ठरवावें. दिवंगतांच्या बाबतींत त्यांच्या अगदीं जवळच्या एका माणसानें एकट्यानें पहावें व सर्वांसाठीं जें योग्य तेवढेंच पुढें ठेवावें. उघडतां येतें म्हणून उघडावें, हा न्याय लखोट्यास आपण लावीत नाहीं. तो फाइलीस कां लावावा?

शेवटीं, उतरविलेल्या प्रतीची व्यवस्था. एकच प्रत ठेवणें म्हणजे तोच धोका नव्या डब्यांत भरून ठेवणें होय. एक प्रत घरच्या संगणकावर, दुसरी निराळ्या डिस्कवर व तिसरी परगांवच्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवावी. आपल्याकडे परगांवीं नातेवाईक नाहीं असें घर विरळा. जुनी डिस्क प्रतींची खात्री पटेपर्यंत टाकूं नये. आणि टाकावयाची तेव्हां ती तशीच भंगारवाल्यास देऊं नये, कारण तिच्यावर बँकेचे कागदही असतात. मजकूर पूर्ण पुसून किंवा तबकडी निकामी करून, मग ई-कचरा रीतसर घेणाऱ्याकडे ती द्यावी.

आणि छायाचित्रें? त्यांच्या फायलींचीं नांवें कॅमेऱ्यानें दिलेले नुसते आंकडे असतात. मुंजीच्या पंगतींत तिसऱ्या पाटावर बसलेले गृहस्थ कोण, मांडवाच्या दारांत लाल शालू नेसून उभ्या असलेल्या बाई कोणाच्या कोण, हें कोणताही ॲडॅप्टर सांगणार नाहीं. तें सांगणारीं माणसें आज घरांत आहेत. दोन्ही डोळ्यांचीं ऑपरेशनें झालीं असतील, पण पडद्यावर चेहरा मोठा करून दाखविला तर नांव, गांव, नातें आणि त्या दिवशींचा बेत हें सर्व तीं एका दमांत सांगतील. तेव्हां एक रविवार ठरवावा, आजोबा-आजींस संगणकासमोर बसवावें, शेजारीं नातवानें बसून नांवें टंकावीं, आणि चहा मात्र संगणकापासून दूर ठेवावा. डिस्क दुरुस्त करणारे बाजारांत मिळतात. हीं नांवें दुसरीकडे कोठेंही मिळत नाहींत.